दाखल्यावरचे दहा महिने

"तुझं वय किती?"

"सहा."

"सहा नाही मित्रू... सात. परत सांग."

मित्रूनं बोटं मोजली, एक बोट जास्तीचं उघडलं आणि म्हणाली, "सात." तिच्या केसांतून फिरणारी सिंधूची फणी मध्येच थांबली. पोटच्या पोरीला आपल्यापासून तोडणारं खोटं आपणच तिच्या तोंडी घालतो आहोत, आणि ते निष्पाप लेकरू पाढे पाठ करावेत तसं ते पाठ करतं आहे, हे तिला कळत होतं... पण इलाज नव्हता. सकाळच्या एसटीनं पिंपळगावहून नाशिकला पोचायचं होतं. अकराला कोर्टात पुकारा होणार होता.

तीन वर्षांपूर्वी सिंधू आणि मल्हारी यांनी राजीखुशीनं फारकत घेतली होती. राजीखुशी म्हणायची एवढंच; रोजच्या भांडणांनी दोघंही पार थकून गेली होती. तेव्हा कागदावर ठरलं होतं की, मुलगी सात वर्षं पूर्ण होईपर्यंत आईकडे राहील, पुढे वडिलांकडे. मग आईला महिन्यातले दोन रविवार भेट. सात वर्षं म्हणजे पुष्कळ लांब, असं तेव्हा सिंधूला वाटलं होतं.

पुढे ती पिंपळगावला कांद्याच्या खळ्यावर कांदे निवडायला जाऊ लागली. चार वर्षांच्या मित्रूला गोण्यांच्या आडोशाला बसवायची. एक दिवस मागं येणारा ट्रक पोरीपासून हातभर अंतरावर थांबला, आणि त्याच संध्याकाळी सिंधू शाळेतल्या यशोदाबाईंच्या दारात जाऊन ढसाढसा रडली. पहिलीसाठी मुलीचं वय बसत नव्हतं. यशोदाबाईंनी दुसऱ्या दिवशी रजिस्टर उघडलं आणि जन्मतारीख लिहिली, एक जून एकोणीसशे सत्याहत्तर. एक जूनला जन्मलेली अशी पोरं तेव्हा गावोगावच्या शाळांत होती. कुणी त्याची चौकशी करत नसे. मित्रू खरी जन्मली ती पुढच्या वर्षी, चौदा एप्रिलला, नाशिकरोडला सासरच्या घरी. दारावरून भीमजयंतीची मिरवणूक चालली होती, आणि हातातलं लेझीम तसंच टाकून मल्हारी धावत घरात आला होता.

आता तोच मल्हारी शाळेच्या दाखल्याची नक्कल घेऊन कोर्टात गेला होता. दाखल्याप्रमाणे पोरीला सात पूर्ण झाली होती. खऱ्या सात वर्षांना अजून दहा महिने होते.

"तू खरं सांगून टाक," यशोदाबाई पंधरा दिवसांपूर्वीच घरी येऊन म्हणाल्या होत्या. "मी येते साक्षीला. तारीख मीच लिहिलीय."

"आणि तुमच्यावर चौकशी लागली म्हंजे? निवृत्तीला वरीस राहिलंय बाई तुमचं."

"पोरीपुढे माझ्या पेन्शनचं काय घेऊन बसलीस?"

बाईंच्या घरात अंथरुणाला खिळलेला भाऊ होता, त्याला दुसरं कुणी नव्हतं. जिनं आपली लेक ट्रकाच्या तोंडून काढून शाळेत बसवली, तिच्या अन्नात माती कालवायची? त्या क्षणीच तिनं मनाशी ठरवलं होतं...

कोर्टात न्यायाधीशांनी मित्रूला जवळ बोलावलं.

"नाव काय बाळ तुझं?"

"संघमित्रा मल्हारी केदारे."

"आणि वय?"

"सात." एवढं बोलून, बरोबर आलं ना, अशा डोळ्यांनी तिनं आईकडे पाहिलं.

"दाखल्यावरची तारीख तुम्हाला मान्य आहे?" साहेबांनी सिंधूला विचारलं.

"मान्य आहे साहेब."

समोर बसलेल्या मल्हारीनं दचकून मान वर केली. ती भांडेल, रडेल, जयंतीचा दिवस काढेल, या सगळ्याची तयारी करून तो आला होता. या दोन शब्दांची तयारी त्याच्याकडे नव्हती.

हुकूम झाला. पोरीला आजच न्यायचं ठरलं. बाहेर व्हरांड्यात मल्हारीची आई झुंबरबाई सिंधूच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"जयंतीची पोर ती. मी सोता नाळ कापली तिची. भर कोर्टात खोटं का बोललीस? दुसरं घर बघितलंस व्हय?"

मल्हारीच्याही मनात तेच होतं. तो खाली बघत उभा राहिला. आणि मग इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं सिंधूच्या तोंडून बाहेर पडलं... खळं, ट्रक, बाईंचं दार, ती तारीख, बाईंचा आजारी भाऊ.

"मला माझी लेक पाहिजे व्हती, आत्याबाई. पण त्या माउलीच्या जिवावर नको."

झुंबरबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मल्हारीचा चेहरा उतरला होता. पोरगी जिंकल्याचा आनंद सोडाच, त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

"चुकलो मी सिंधू," तो म्हणाला. "तू भांडशील म्हणून मी बी... जाऊ दे. ने तिला. एप्रिलपर्यंत ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. मी वकिलाला सांगतो."

सिंधूचं हृदय आनंदानं भरून आलं. दहा महिने! तिनं मित्रूकडे पाहिलं. वडिलांनी आणलेलं नवं दप्तर पोर पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. गेले पंधरा दिवस सिंधूनंच तिला नाशिकरोडच्या घराची, नव्या शाळेची गोडी लावली होती. मैत्रिणींचा निरोपही घेऊन झाला होता.

"नको," ती कशीबशी म्हणाली. "आत्ता शाळा सुरू व्हतीय. एप्रिलात, ऐन परीक्षेत उपटून न्याल तिला. दोनदा नका तोडू माझ्या लेकराला. मला दहा महिने नकोत... मला रविवार द्या. दोन नाय. सगळे. ती मोठी होईस्तोवर."

मल्हारीनं मान हलवली. म्हणाला, "दर रविवारी मी सोता आणून सोडीन. पिंपळगावला, तुझ्या दारात."

"आत्याबाई, वेण्या घट्ट नका घालू तिच्या. डोकं दुखतं तिचं."

"नाय घालायची माय," झुंबरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सुनेला, जी आता सून नव्हती, पोटाशी धरलं.

रिक्षात बसेपर्यंत मित्रू हसत होती. रिक्षा हलली, आई खालीच राहिली हे तिला कळलं, आणि तिनं फोडलेला टाहो रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला. सिंधू जागची हलली नाही. हलली असती तर मागं धावली असती.

दुपारच्या गाडीत तिला खिडकीजवळची जागा मिळाली. कंडक्टर आला.

"एक फुल, एक हाफ. पिंपळगाव," सवयीनं ती बोलून गेली.

त्यानं तिकिटं फाडली आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "पोरगं कुठाय, बाई?"

सिंधूनं दोन्ही तिकिटं मुठीत धरली.

"रविवारी येणार हाय," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून भरल्या गाडीत रडू लागली.