मोतीरामकाकांसाठी धारेचा दगड

सकाळची थंडी अजून भांडी बाजारातल्या स्टीलच्या पातेल्यांवर बसून होती. तृप्तीने वडिलांच्या दुकानाचं शटर नुकतंच वर केलं, तोच एक उंच, सावळा तरुण पायरीवर येऊन उभा राहिला.

"सुरीला धार लावायचं काहीतरी हवंय. चांगलं दाखवा. भेट द्यायचीय."

"कोणाला?" तिने विचारलं आणि लगेच जीभ चावली. गिऱ्हाइकाला कोणी असं विचारतं का?

तो हसला. "मोतीरामकाकांना. आमच्या हॉटेलातले मोठे आचारी. कांदा कसा धरायचा, हे त्यांनीच शिकवलं मला. आता काम सोडून गावी चाललेत, वणीकडे."

त्याचं नाव कुंदन. पेठकडच्या आदिवासी पाड्यावरचा. गंगापूर धरणाच्या बाजूला एका हॉटेलात स्वयंपाकी होता.

तृप्तीने आधी विजेवरचं मशीन काढलं. "छान आहे," तो म्हणाला, "पण काकांच्या गावात वीज पाहुण्यासारखी येते."

मग तिने फटीतून सुरी ओढायचं छोटं शार्पनर दाखवलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. "हे पटकन धार देतं, पण पातं खातं. वर्षभरात काकांच्या सुरीचं दाभण होईल."

तिला हसू फुटलं. "मग दगडच न्या. एक बाजू खरखरीत, एक मऊ. पाण्यात भिजवायचा आणि निवांत बसायचं. वेळ लागतो पण त्याला..."

"काकांकडे आता वेळच वेळ आहे."

"थांबा, करून बघा."

तिने एक बोथट सुरी काढली. त्याने हात पुढे केला. तिने सुरी काउंटरवर ठेवली आणि हलकेच त्याच्याकडे सरकवली. त्याने उचलली. सर्र... सर्र... दगडावर पातं फिरू लागलं. तृप्ती त्याच्या बोटांकडे पाहत राहिली. त्याने मान वर करताच तिने घाईघाईने एक डबा पुसायला घेतला.

मग दुसरा दगड, दुसरी सुरी. त्याचा हात पुन्हा पुढे आला, सुरी पुन्हा काउंटरवर. तिसऱ्या वेळीही तसंच. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"राहू द्या," तो हात पुसत म्हणाला. "दुसरीकडे बघतो."

"अहो, का? आवडला होता ना..."

पायरीवर तो थांबला. "हातात दिली असती तर काय झालं असतं, मॅडम? पेठच्या माणसाचा हात लागला की बाटतं का काही? लहानपणी आमच्याकडे एक दुकानदार असंच करायचा. सगळं फळीवर ठेवायचा. मला वाटलं होतं, आता कोणी तसं करत नसेल."

तृप्तीचा चेहरा उतरला. "नाही हो! सुरी होती ती!"

"मग?"

"सुरी हातात दिली की त्या दोघांचं भांडण होतं, म्हणतात. आमची आत्या तर मिरचीसुद्धा हातात देत नाही."

कुंदन तिच्याकडे पाहतच राहिला. "आमच्या घरी उलटं. कोयतासुद्धा हातातच देतात. खाली ठेवला तर समजायचं, समोरचा रागावलाय."

"मी कशाला रागावू? मला तर... तुमच्याशी भांडण नको होतं."

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो. कान गरम झाले. शेजारी भांड्यावर नाव घालणाऱ्याचं मशीन नेमकं तेव्हाच थांबलं.

तिने सुरी उचलली. मूठ त्याच्याकडे केली. "घ्या. हातात."

बोटांना बोटं लागली. दोघांचीही गार होती.

"आता भांडण होणार," तो हळूच म्हणाला.

"होऊ दे. त्यासाठी परत यावं लागेल ना तुम्हाला!"

तो आला. पुन्हा पुन्हा आला.

"काका म्हणतात, दगड घसरतो."

"खाली ओलं फडकं घाला म्हणावं."

"काका म्हणतात, धार टिकत नाही."

"काका काय गोटे चिरतात का?"

प्रत्येक भांडणाला चहा व्हायचा. पण खरं विचारायचं ते राहूनच जायचं. कुंदन तोंड उघडायचा, तेवढ्यात गल्ल्यावरचे तिचे वडील, धनराजशेठ, दिसायचे. आणि त्याला ती जुनी फळी आठवायची.

एके दिवशी शेठांनी चष्मा काढला. "एवढ्या तक्रारी? माझ्या दुकानाचं नाव जाईल. लाव त्या काकांना फोन. स्पीकरवर."

"अहो शेठ, राहू द्या ना..."

"लाव."

"दगड?" मोतीरामकाकांचा आवाज गल्लीभर गेला. "लय भारी हाय की! म्या कवा तक्रार केली? आन् कुंदन, ते जाऊ दे. त्या पोरीला विचारलंस का नाय आजून?"

कुंदनने मान खाली घातली. शेठ आधी त्याच्याकडे, मग मुलीकडे बघत राहिले.

तृप्ती फोनकडे वाकली. "नाही विचारलं, काका. पण त्यांना सांगा... माझं हो आहे."

पलीकडे काका खोकले.

धनराजशेठांनी फोन उचलून कानाला लावला. "नमस्कार, मोतीरामभाऊ. मी मुलीचा बाप बोलतोय. मुलाच्या आईवडिलांना घेऊन कधी येताय, तेवढं सांगा."