बाराव्या दिवसाची बाटली

१९३८ च्या उन्हाळ्यात मी नागपूरहून शिरपूरला घरी आलो तो चिलटांच्या अठरा बाटल्या घेऊन. शिकायला गेलेली पोरं सुटीत घरी खाऊ आणतात. आईने बाटल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ही घाण उंबऱ्याच्या आत येणार नाही एवढंच सांगितलं.

चिलट म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंघावणारी तीच ती तांबड्या डोळ्यांची बारीक माशी. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होतो आणि आमचे प्राध्यापक तिच्यावर आनुवंशिकतेचं संशोधन करत होते. आईबापांचं पिलांत काय उतरतं, नुसतं रंगरूप की वागणूकही? माझ्या वाट्याला वागणूक आली होती. निरोगी चिलट नेहमी उजेडाकडे जातं. जी जात नाहीत ती निवडायची, त्यांची पिलं वेगळी वाढवायची आणि ती काय करतात ते पाहायचं. चिलटांची पिढी बारा दिवसांची, त्यामुळे माणसाला एका उन्हाळ्यात त्यांचा खापरपणजोबा होता येतं. फक्त नागपूरचं ऊन त्यांना सोसत नाही. म्हणून सरांनी बाटल्या आमच्यात वाटून दिल्या आणि जिथे गारवा असेल तिथे जगवा म्हणाले.

गारवा मला सापडला उत्तमरावांच्या बागेत. शिरपूरहून जऊळका स्टेशनाकडे जाताना डाव्या हाताला त्यांची पेरूची झाडं, वांग्याचे वाफे आणि दगडी पायऱ्यांची विहीर होती. निम्म्या पायऱ्या उतरलं की भिंतीत एक खोल कोनाडा होता. त्यावर ओलं गोणपाट सोडलं की बाहेर जमीन भाजत असतानाही आत पारा पंचाहत्तर फॅरनहाइटवर राहायचा. उत्तमरावांनी परवानगी दिली, वर चिलटांच्या खाण्यासाठी पाटाच्या कडेच्या केळीच्या बेटातला पिकलेला घडही कापून दिला. एवढा सुंदर घड बाजारात न नेता झाडावरच कसा राहिला, हे मी विचारलं नाही. फुकट मिळालेल्या वस्तूची चौकशी करायची आम्हाला सवय नव्हती.

उत्तमरावांच्या पत्नी तुळसाबाई रोज सकाळी त्याच पायऱ्यांवर मेथीच्या जुड्या धुवायला बसत. त्यांना मी काकी म्हणायचो. सगळं गाव मला इंद्रभान म्हणून हाक मारायचं, काकी मात्र चार वर्षांपासून मास्तर म्हणत. मी कुणाचाच मास्तर नव्हतो. थट्टा असेल म्हणून मीही ते अंगाला लावून घेतलं होतं.

बाराव्या दिवशी पहाटे नवी चिलटं कोशातून बाहेर आली. ती नेहमी पहाटेच येतात, म्हणून उजाडता उजाडता मला विहिरीवर हजर राहावं लागे. सात नंबरच्या बाटलीत तीन चिलटं निराळी निघाली. भिंगाखाली पाहिलं तर डोळ्यांच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी. त्यांना डोळे नव्हतेच.

मला आनंदाने घाम फुटला. असा फरक एकाएकी उपजतो, क्वचित उपजतो, आणि ज्याला तो सापडतो त्याला त्या जातीचं नाव ठेवायचा मान मिळतो. मी त्या तिघांपासून वंश वाढवला. तिसऱ्या पिढीला अख्खी बाटली आंधळी निघाली.

आंधळ्या चिलटाला उजेड काय आणि अंधार काय. ती बाटलीभर विखरून बसायला हवीत. पण ही एकाच बाजूला बसत. पायऱ्यांकडच्या काचेला चिकटून, तोंडं बाहेर करून, पंख मिटून. बाटली फिरवली की दोन-तीन मिनिटांत पुन्हा त्याच बाजूला येत. उत्तमराव मोट सोडून बघायला आले तरी ढिम्म. मी एकटा असलो की विखुरलेली असत. आठवडाभर टिपणं केल्यावर माझ्या ध्यानात आलं की ती पायऱ्यांकडे बसत नव्हती, काकींकडे बसत होती.

वास, मी ठरवलं. मेथीचा, मातीचा, हातांचा. मी काकींना राखेने हात घासायला लावले, लुगडं बदलून यायला सांगितलं, बाटलीच्या तोंडातल्या कापसाच्या बोळ्यावर मेण ओतून ती बंद केली. शेवटी बाटली मोटेचे बैल चालतात त्या धावेवर ठेवली आणि काकींना लांबून विहिरीभोवती चालायला सांगितलं. मला वेड लागलंय याची त्यांना खात्री झाली असावी, पण त्या चालल्या. काकी विहिरीला फेरी घालत होत्या आणि चिलटं बाटलीला. मी पेन्सिलीने काचेवर खुणा करत गेलो. अर्धी फेरी झाली तोवर काचेवर खुणांचं अर्धं कडं उमटलं होतं.

काकी जवळ येऊन बसल्या. त्यांनी काचेवर बोट टेकवलं. आतून साठ-सत्तर चिलटं त्या एका बोटाशी गोळा झाली.

मग पायऱ्यांवर जाऊन त्या पुन्हा जुड्या धुवायला बसल्या, तेव्हा त्यांचं लक्ष माझ्या पाटीतल्या केळ्यांच्या सालींकडे गेलं. ही केळं कोणत्या बेटाची, त्यांनी विचारलं. पाटाच्या कडेची, मी म्हणालो, उत्तमरावांनी दिली.

त्यांच्या हातातली जुडी सुटून पाण्यात हळूहळू दूर गेली.

"त्या बेटाचं कोणी खात नाई, मास्तर," त्या म्हणाल्या. "पाखरायले सोडतो आमी. माह्या लेकराले तिथं ठेवलं हाये."

मग त्यांनी सांगितलं ते असं. चार वर्षांपूर्वी, लग्नानंतर नऊ वर्षांनी, त्यांना मुलगा झाला. पापण्या मिटलेल्याच होत्या. वैदू म्हणाला, उघडतील. उघडल्या नाहीत. पण त्या उठल्या की पाळण्यात त्याचं तोंड त्यांच्याकडे वळायचं. स्वयंपाकघरात गेल्या की तिकडे, अंगणात गेल्या की तिकडे. अकराव्या दिवशी संध्याकाळी तो गेला. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, घुगऱ्यांचे हरभरे भिजत घातलेले होते. एवढ्या लहान लेकराला पुरतात, म्हणून पाटाच्या कडेला पुरलं आणि वर केळीचा कोंब लावला. नाव काकींनी मनात ठरवलं होतं, पण बारशाआधी उच्चारायचं नसतं, म्हणून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"बिननावाचं गेलं," त्या म्हणाल्या. "हाक मारावं त काय म्हणून मारावं?"

मला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली, कारण माझ्या टिपणवहीत त्या 'स्त्री, वय सुमारे तीस' अशा नोंदल्या होत्या. उत्तमरावांनी तो घड का दिला असेल हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्या दिवसानंतर ते मला पाहून फक्त मान हलवत.

जूनअखेर कॉलेज उघडणार होतं. माझी गाडी ज्या दिवशी सकाळी जऊळक्याहून निघणार होती, त्याच पहाटे सहावी पिढी बाहेर यायची होती. मी बाटलीवरची चिठ्ठी काकींना दाखवली. तारीख, पिढी, आणि खाली नावाची जागा कोरी. जातीचं नाव शोधणाऱ्याने ठेवायचं असतं, हे मी त्यांना कधीतरी फुशारकीने सांगितलं होतं. ते त्यांच्या ध्यानात होतं.

"त्याचं बारसं मले करू द्या," त्या म्हणाल्या. "मंग न्या तुमी."

मी शास्त्राचा विद्यार्थी होतो. हो म्हणालो.

त्या पहाटे त्या धुतलेलं लुगडं नेसून आल्या. हातात वाटीभर घुगऱ्या होत्या. नाव आत्याने सांगायचं असतं, पण उत्तमरावांना बहीण नव्हती. काकींनी बाटली पदरात घेतली, बोळ्याशी ओठ नेले, कुर्रर्र केलं आणि काहीतरी हळूच म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही.

चिलटं काचेवरून सुटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, काकी समोर असताना, ती बाटलीभर निवांत पसरली.

"निजलं," काकी म्हणाल्या, आणि मला घुगऱ्या दिल्या. नाव काय ते मी विचारलं. त्यांनी नुसतं हसून पदर सावरला.

नागपुरात सरांनी माझी टिपणं दोनदा वाचली आणि उन्हाळा मला बाधला असावा असं म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं. इथे चिलटं कोणत्याच बाजूला बसत नव्हती. आंधळी होती, विखुरलेली होती, शहाण्यासारखी वागत होती. नावाची जागा मी कोरी ठेवली, नाव ठेवणाऱ्याने अजून कळवलं नाही म्हणालो. मलाही बरं वाटलं. शेवटी वासच होता तो, मी स्वतःला समजावलं.

ऑगस्टमधल्या एका दुपारी मी भिंग लावून बसलो होतो. शिपाई गुलाबसिंग दारात आला आणि त्याने हाक मारली.

"इंद्रभान."

बाटलीतली सगळी चिलटं दाराकडच्या काचेवर गेली.

मी हललो नाही. ती परत विखुरल्यावर मी सावकाश म्हणालो, चंपत. मदनसिंग. बबनराव. हिरालाल. वर्गातली, गावातली, आठवतील तेवढी नावं घेतली. काही नाही. एकही पाय हलला नाही.

मग मी माझं नाव घेतलं. ती माझ्याकडे आली.

चार वर्षं त्या मला मास्तर का म्हणत होत्या ते मला तेव्हा कळलं.

त्यानंतर मला कुणी हाक मारली की मी लगेच ओ देत नसे. क्षणभर थांबायचो. गुलाबसिंगला वाटायचं, कॉलेजात शिकून मला शिंगं फुटलीत.

दिवाळीला घरी निघालो तेव्हा एक बाटली झोळीत घेतली. बोळा घट्ट बसवला, वर मेण ओतलं. काकींना दाखवावी, जमलं तर त्यांच्याजवळच ठेवावी असं मनात होतं. जऊळक्याला उतरून चालत बागेशी आलो. काकी पाटाच्या कडेला, केळीच्या बेटाजवळ उभ्या होत्या. उन्हासाठी डोळ्यांवर हात धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"इंद्रभान," त्यांनी हाक मारली. "ये, बाबू."

सवयीने मी क्षणभर थांबलो.

मग जवळ जाऊन नमस्कार केला. त्यांनी मायेने माझ्या गालावरून हात फिरवला. मी झोळीतून बाटली काढून त्यांच्यासमोर धरली.

मेण शाबूत होतं. बोळा जागच्या जागी, घट्ट. आत केळ्याचा लगदा होता, रिकामे कोश होते. चिलट एकही नव्हतं.

काकींनी बाटलीकडे पाहिलंही नाही. त्या वळून घराकडे चालू लागल्या होत्या, अगदी हळू, बारीक पावलांनी. त्यांचा उजवा हात अंगापासून थोडा दूर, खाली सोडलेला होता, आणि त्याचं एकच बोट पुढे केलेलं होतं.