बाजारातला फोटो

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही, माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. त्या दिवसाआधी मीही हसलेच असते.

मागच्या वर्षीची अकरा डिसेंबर, गुरुवार. दुपारचे अडीच. बाहेर लख्ख ऊन.

पंचवटीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. नवरा, अमोल, लग्नाच्या ऑर्डरसाठी ओझरला गेला होता. दुकानात मी एकटीच. रामकुंड जवळ, त्यामुळे दहाव्याच्या फ्रेमचं काम आमच्याकडे रोजचंच. लोक आयत्या वेळी येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर दहा ठिकाणी फिरून आलेला धुरकट फोटो देतात आणि म्हणतात, जरा मोठा करा. माझं डोकंच फिरतं.

नवनाथभाऊ त्या मानाने शहाणे निघाले. मूळ फोटो मोबाइलमध्ये जपून घेऊन आले होते. हरसूलचे शेतकरी. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आईचा, यशोदाबाईंचा दहावा होता. आधारकार्डावरच्या फोटोत म्हातारी घरच्यांनाही ओळखू येत नव्हती. धड फोटो हा एकच, गावच्या आठवडे बाजारात काढलेला.

आजी हसतेय. शेजारी नवनाथभाऊंची सहा वर्षांची मुलगी, साई. साईने आजीचं बोट धरलंय.

केबल लावून फोटो कॉम्प्युटरवर घेतला. भाऊ समोरच्या बाकावर बसले.

हा स्टुडिओ माझ्या सासऱ्यांचा, चिमाजींचा. त्यांचा एक नियम होता. हार घालायच्या फोटोत जिवंत माणसाचं नखसुद्धा राहता कामा नये. आधी जिवंत माणूस पुसायचा, मगच गेलेल्या माणसाला हात लावायचा. इतकी वर्षं मी तो नियम पाळला.

त्या दिवशी घाई केली. साईला पुसलं नाही, नुसतं झाकलं.

फाईल पीएनजी या प्रकारात साठवली. पीएनजीत मागची बाजू रिकामी ठेवता येते. स्क्रीनवर आजी एकटी दिसायला लागली. पण आमचं प्रिंटिंग मशीन पीएनजी घेत नाही, म्हणून तिची जेपीजी, म्हणजे नेहमीच्या फोटोची फाईल केली.

उघडली...

साई परत आली होती.

मी घाबरले नाही. असं होतं. पीएनजीत झाकलेलं आत तसंच राहू शकतं, आणि जेपीजीला झाकणं कळत नाही, ती सगळं उघडं करून टाकते. स्वतःच्या आळसावर चरफडत मी साईला पुसायला घेतलं, आणि...

माझा हात थांबला.

साईने आता आजीचं बोट धरलेलं नव्हतं.

आजीने साईचं मनगट धरलं होतं.

मूळ फोटो उघडला. बोट. जेपीजी उघडली. मनगट. डोळे चोळून पुन्हा पाहिलं. तेच.

तेवढ्यात नवनाथभाऊंचा मोबाइल वाजला. घरून त्यांची बायको होती. साई जेवता जेवता रडायला लागली म्हणे, हात दुखतो म्हणते. कुठे पडली-बिडली नाही.

मी विचारलं, कुठला हात?

"उजवा," ते म्हणाले. "मनगटात."

फोटोतही उजवाच होता.

या वेळी फोटो खूप मोठा करून साईला खरोखर पुसलं. ठिपका ठिपका पुसला. पीएनजीत दोनदा तपासलं, साई कुठेच नाही. मग जेपीजी केली. उघडायला धीर होईना.

उघडली...

साई होतीच. आता तिने तोंड आजीकडे फिरवलं होतं.

जेपीजी फोटोतले बारकावे खाते, चौकोन चौकोन पडतात. पण पडले तर सगळ्या फोटोत पडतात. इथे फक्त साई विस्कटली होती. आजीच्या कपाळावरचं गोंदण मात्र लख्ख दिसत होतं.

पुन्हा मोबाइल वाजला. साई झोपली होती, हलवूनही उठत नव्हती. शेजारचे लोक दवाखान्यात न्यायला गाडी बघत होते.

नवनाथभाऊ उठले. गावाला पोचायला दीड तास तरी लागला असता.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि सगळं सांगितलं. ते करायला हवं होतं की नको, मला अजूनही कळत नाही. पीएनजी-जेपीजी त्यांना काही कळलं नसेल. मनगट मात्र कळलं.

"आई तिला घेतल्याबिगर कवा बाजाराला गेलीच नाय," ते म्हणाले.

मग त्यांनी चपला काढल्या. कॉम्प्युटरसमोर हात जोडले.

"आई, पोरीला सोड. बाजार मी करीन."

बाहेरच्या रिक्षांचा आवाज येईनासा झाला...

डोक्यावर पंखा फिरत होता, त्याचाही आवाज नव्हता.

मी तिसऱ्यांदा पीएनजीची जेपीजी केली.

आजी एकटी होती. हात अर्धवट मिटलेला, पण रिकामा.

पाच मिनिटांनी घरून फोन आला. साई उठली होती, पाणी मागत होती. नवनाथभाऊ बाकावर बसून रडले. मीही रडले, लपवत कशाला.

फ्रेम दिली. दहावा पार पडला. मूळ फोटो पुसून टाकायचं माझ्या मनात आलं, पण त्या फोटोत जिवंत पोर आहे. तिला पुन्हा पुसायची माझी हिंमत होईना.

फेब्रुवारीत नवनाथभाऊंचा मोबाइल विहिरीत पडला. आता आजी आणि नातीचा तो एकच फोटो, तो माझ्याकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणून ते सारखे सांगतात.

व्हॉट्सअ‍ॅप फोटो पुन्हा बदलतं, दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर बदलत नाही, हे मीच लोकांना शिकवते. पण तिकडे कुणीतरी तो स्टेटसला ठेवणार, मामाला पाठवणार, मावशीला पाठवणार. दर वेळी तो पुन्हा बदलणार. तेव्हा कोण कुणाचा हात धरेल, मला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात त्यांच्या नव्या नंबरवरून फोन आला. साई होती.

"ताई, माझा आन आजीचा फोटो पाठवा ना."

उद्या पाठवते, मी म्हणाले.

"तुमी सारखं उद्याच म्हणता," ती म्हणाली. थोडी थांबली...

"आजी रोज इचारते मंग."

मी फोन ठेवला. हात दुखतो का गं, एवढं विचारणंही माझ्याने झालं नाही.