वाटसरा, मोठ्यानं वाच

मृतांच्या शनिवारी, गेलेल्यांची आठवण करायच्या दिवशी, दुपारचं जेवण उरकून क्रस्तिना काळा रंग भरलेला डबा, ब्रश आणि जवसाच्या तेलाची बाटली घेऊन घराबाहेर पडली. काम साधंच होतं. वळणावरच्या दगडाचे बूट पुन्हा रंगवायचे.

दगड तिच्या भावाचा, मिलिसावचा. त्या खोऱ्यात जो शिपाई दूर कुठंतरी मरतो आणि ज्याचं प्रेत परत येत नाही, त्याचा दगड दफनभूमीत नव्हे, रस्त्याच्या कडेला उभा करतात. पाथरवट पुरुषभर उंचीचा अख्खा शिपाई कोरतो. टोपी, पट्टा, बंदूक, जुळलेले पाय, आणि सगळ्याला रंग. खालचा मजकूर मेलेल्याच्याच तोंडचा असतो: थांब वाटसरा, मोठ्यानं वाच. म्हातारी माणसं सांगतात, दर वाचनाला मेलेला एक पाऊल घराकडे येतो.

मिलिसावचा मजकूर तिहोमीर काकांनी सांगितला होता. काका गावचे मुखिया. आईबापामागं घरातलंही शेवटचं वाक्य त्यांचंच. दगडावर लिहिलं होतं: ‘मी मिलिसाव, वय वीस. शत्रूची गोळी छातीवर झेलून पडलो.’

हे खोटं होतं, आणि ते काकांना आणि क्रस्तिनाला, दोघांनाही माहीत होतं. युद्धात सैन्य माघार घेत होतं त्या हिवाळ्यात मिलिसावनं पहाऱ्याची जागा सोडली, कारण बर्फात पडलेल्या सोबत्याला पाठीवर घेऊन जवळच्या गावापर्यंत पोचवायचं होतं. पहाऱ्यावर परत आल्यावर त्याच्याच सैन्यानं त्याला अक्रोडाच्या झाडाला बांधून गोळ्या घातल्या. ज्याला त्यानं पाठीवर घेतलं होतं, तोच पुढं क्रस्तिनाला हे सांगायला आला. सैन्याचा कागद मात्र त्याआधीच काकांकडं आला होता आणि त्यांनी तो चुलीत घातला होता.

“दगडाला काय कळतंय?” काका म्हणाले होते. “घराण्याची लाज राहिली, पुष्कळ झालं.”

चार वर्षांपूर्वी ती शिक्षिका होऊन शहरातून परतली, तेव्हा दगड उभा राहिलेला होता. तिनं भांडून पाहिलं. गावानं ‘शिकलीय ना, म्हणून’ असं म्हणून मान हलवली.

बुटांचा रंग मात्र टिकेना. टोपी तशीच निळी, पट्टा तसाच पिवळा, आणि बुटांचे पोपडे या वर्षात तीनदा निघाले. काकांना वाटे, हीच खरवडते. पाथरवट स्वेतोलिक शपथेवर सांगे, रंगात खोट नाही.

क्रस्तिनानं गुडघे टेकले आणि ब्रश बुडवला. नदीवरून धुकं वर चढत होतं. समोरचं आलुबुखाराचं रान हळूहळू पुसलं गेलं, मग कुंपण, मग रस्त्याचा पलीकडचा काठ. ओल्या लोकरीचा वास येऊ लागला. शेळ्यांमुळं असेल, तिला वाटलं, कारण घंटा वाजवत गावातल्या म्हाताऱ्या ओब्रेनिया आजीचा कळप येतच होता.

“चार दाणे घे गं,” आजीनं मृतांच्या नावानं शिजवलेला गोड गहू तिच्या तळहातावर ठेवला. “आज मी वाचते त्याला.”

“तू? आजी, तू तर अंगठा उठवतेस!”

“मग? अंगठा उठवणारीनं वाचू नये असा कायदा काढलाय का तुमच्या शहरात?”

क्रस्तिना हसली. आजीनं काठी बगलेत धरली आणि वाकडं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

“थांब वाटसरा... मोठ्यानं वाच... मी मिलिसाव... वय वीस...”

पाठ असेल. चार वर्षं ऐकतेय. पण बोट तिसऱ्या ओळीवर आलं आणि शेळ्यांच्या घंटा एकदम थांबल्या. एकही शेळी हलत नव्हती.

“माझ्याच माणसांनी... अक्रोडाला बांधलं...” आजीचा आवाज आजीचाच होता, फक्त फार सावकाश. “बूट आधी काढून घेतले... दुसऱ्या कुणाच्या कामी यावेत म्हणून... मोज्यांवर उभा होतो बर्फात... उजव्या मोज्याचा चवडा हिरवा...”

क्रस्तिनाच्या हातातला ब्रश गळून पडला.

ते मोजे तिनं विणले होते. काळी लोकर संपली म्हणून उजवा चवडा हिरव्या लोकरीनं पुरा केला होता. निघायच्या सकाळी तिनं ते त्याला दिले, तेव्हा मिलिसाव हसून म्हणाला होता, “बुटात कोण बघतंय?” आणि तिथंच बूट चढवले होते. हे गावात त्या दोघांपलीकडं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आजीनं बोट काढलं. घंटा पुन्हा वाजू लागल्या.

“किती छान लिहिलंय गं,” ती डोळे पुसत म्हणाली. “तिहोमीरला इतकं सुचलं, नवल आहे.” आणि शेळ्यांमागं धुक्यात गेली.

क्रस्तिनाच्या भीतीच्या खालून दुसरंच काही वर येत होतं, आणि ते जास्त गरम होतं. ती धावत स्वेतोलिकच्या कामाच्या छपरीत गेली, छिन्नी-हातोडा उचलला आणि परत आली.

पहिल्या घावाच्या आवाजासरशी काका आलेच. त्यांचं घर रस्त्यावरचं पहिलं.

“क्रस्तिने! हात आवर! मेलेल्याच्या दगडावर घाव घालतेस?”

“मेलेल्याच्या तोंडात खोटं घालण्यापेक्षा हे बरं.”

“खरं लिहिलंस तर पळपुटा म्हणतील त्याला. तुला कोण करून घेईल? मला मुखिया कोण म्हणेल?”

“हां! आता कुठं खरं दुखणं बोललात.”

“चार बुकं काय शिकलीस...”

“तुम्हीही शिकलाय ना? मग वाचा. चार वर्षांत तुम्ही एकदाही वाचलेलं नाही, काका. मी लक्ष ठेवलंय. वाचा मोठ्यानं. ‘शत्रूची’ म्हणा, मी छिन्नी खाली ठेवते.”

काकांनी टोपी काढली. शब्द त्यांचेच होते, समोर कोरलेले होते.

“मी मिलिसाव... वय वीस...” ते खाकरले. “श...” ओठ हलले, आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. “मी मिलिसाव... माझ्याच...”

त्यांनी स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं. डोळे विस्फारले होते. मग पाठ वळवली आणि ते धुक्यातून घराकडं जवळजवळ पळतच गेले. दाराला अडसर पडल्याचा आवाज इथवर आला.

खोटी ओळ छिन्नीनं उडवून क्रस्तिना अंधार पडेपर्यंत ठोकत राहिली. तिची अक्षरं ओबडधोबड होती, पण खोल होती: ‘माझ्याच सैन्यानं मला मारलं. मी पळालो नव्हतो.’ बूट तसेच अर्धवट राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमधून परतणारा सगळा गाव दगडापाशी थबकला. कुणी ओठ घट्ट मिटून निघून गेलं. पण त्याच युद्धात एक पाय गमावून आलेला एक जण पुढं झाला आणि त्यानं मोठ्यानं वाचलं. मग आणखी एकानं. मग बायकांनी.

संध्याकाळी स्वेतोलिक तिच्या दारात येऊन उभा राहिला. आत येईना.

“पोरी, छिन्नी नेलीस ती नेलीस. पण पाय का कोरलेस?”

“मी पायांना हात लावलेला नाही.”

“चल दाखवतो.”

बुटांचा रंग सगळा झडून गेला होता. आणि खाली बूट नव्हतेच. मोजे होते, विणीचा एकेक टाका दिसेल असे, आणि उजवा चवडा हिरवा.

“मी जुळलेले पाय कोरले होते,” स्वेतोलिक कुजबुजला. “या हातांनी... जुळलेले...”

उजवा पाय वीतभर पुढं होता. बोटं घराच्या दिशेला.

क्रस्तिनानं दगडापासून रस्त्याकडं पाहिलं. काकांच्या दारापर्यंत चाळीसेक पावलं. तिच्या दारापर्यंत त्याहून वीस जास्त. काकांच्या खिडकीतला दिवा कुणीतरी घाईघाईनं विझवला.

ती हिरव्या चवड्यासमोर ताठ उभी राहिली, आणि काकांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्या ओळीपासून वाचू लागली.