टोल थांबले त्या दिवशी

टोलकाका दुपारी साडेतीनला घरातून निघाले ते अगदी साध्या कामाला. जुन्या स्टेशनाचं आता संग्रहालय झालं होतं. उद्या उद्घाटन, आणि फलाटावर टांगलेला रुळाचा तुकडा कसा वाजवायचा ते तिथल्या बाईंना दाखवायचं होतं. तो वाजवण्यातच काकांची उभी हयात गेली होती. नावही त्यावरूनच पडलेलं.

या शहराचा जन्म इंजिनांच्या तहानेतून झाला. तळ्याकाठी गाडी पाणी भरायला थांबू लागली, मग टाकी आली, यार्ड आलं, पलीकडच्या काठाला कारखाना आला आणि अलीकडे क्वार्टर्स. शहराचा स्वभावही रेल्वेचाच. लोक वेळेवर जेवत आणि वेळेवर भांडत. ज्या तळ्याच्या जिवावर हे सगळं उभं राहिलं, त्याच्याकडे मात्र एकूण एक घराची पाठ. हल्ली काठावर बाकं टाकलीत, लोक तिथे फोटो काढतात. रूळ उखडले, आणि तळ्यातून कारखान्याकडे जाणारा खडी-मातीचा भरावही खणून नेला.

पूर्वी कारखान्याची पाळी सुटली की माणसं त्या भरावावरून चालत घरी येत. धुक्यात पुढचं पाऊल दिसत नसे, म्हणून स्टेशनातून टोल द्यायचे आणि त्यांनी आवाजाच्या रोखाने यायचं. आलेल्याने आपला पितळी बिल्ला फलाटावरच्या आपल्या खिळ्याला अडकवायचा. सगळे खिळे भरेपर्यंत हात थांबवायचा नाही, हा नियम. टोल थांबले की घरोघरच्या बायका समजत, आले सगळे.

चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी काकांचं थोरल्या भावाशी सकाळीच वाजलं होतं. कारण काय, तर सायकल! संध्याकाळी धुक्यात एका सोबत्याने दादाचा बिल्ला आणून दिला. "डबा विसरला म्हणून परत फिरलाय तो. तू वाजवत राहा."

काकांनी बिल्ला खिळ्याला अडकवला आणि टोल द्यायची सळई खाली ठेवली. चाचपडू दे जरा, त्यांना वाटलं. पाचच मिनिटं.

दादा आलाच नाही. चौकशीत सगळे बिल्ले जागेवर होते. म्हणजे हा परत आला, बिल्ला लावला आणि दारूच्या नशेत पुन्हा पाण्याकडे गेला, असं ठरलं. बिल्ला आणणारा नियम मोडल्याच्या भीतीने गप्प बसला. काकांनीही तोंड उघडलं नाही. ज्याने आयुष्यात थेंब घेतला नाही, त्याच्या बायकोने दारुड्याची बायको म्हणून चाळीस वर्षं काढली. काका नुसते दिवाळीला नाही, दररोज तिच्या पाया पडत होते, पण मनातल्या मनातच.

आज संग्रहालयाच्या फलाटावर काकांनी टोल द्यायला सुरुवात केली तेव्हा चार वाजले होते. तळ्यावरून धुकं सरकत येत होतं, ओल्या राखेच्या वासाचं. ठण्ण... ठण्ण... दहा-बारा टोल झाले असतील, तोच पाण्याच्या बाजूने खडी करकरली.

"कोणीतरी येतंय वाटतं," बाई म्हणाल्या.

तिकडे आता खडी नव्हती. नुसतं पाणी होतं. पावलं मात्र सावकाश जवळ येत होती, एक पाय किंचित ओढत. ती चाल काकांनी लगेच ओळखली.

"वाजव रे..." धुक्यातून आवाज आला. "थांबू नकोस..."

नुसतं वाजवत राहायचं होतं. आणखी वीसेक टोल. पण दादा समोर आला तर त्याला तोंड कसं दाखवायचं? काकांच्या हातून सळई सुटली आणि फरशीवर घरंगळली.

पावलं थबकली. मग चुकीच्या बाजूला वळली. काकांनी धावत जाऊन सळई उचलली, पण तोवर पाण्यात डुबुक झालं होतं.

"मासा असेल," बाई म्हणाल्या.

काका तिथून तडक निघाले ते वहिनींच्या क्वार्टरवर. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही भान नव्हतं. आज सांगायचंच.

काकांनी कडी वाजवण्याआधीच वहिनींनी दार उघडलं. गेली दहा वर्षं त्यांना काडीचंही ऐकू येत नव्हतं.

"या भाऊजी," त्या हसून म्हणाल्या. "टोल थांबले. म्हणजे आले सगळे."

काका टेबलाशी बसले, वहिनी समोर बसल्या, आणि चाळीस वर्षं घशात अडकलेलं त्यांनी एका दमात बोलून टाकलं. "दादा प्यायला नव्हता, वहिनी. टोल मी थांबवले. तेव्हा रागाने... आणि आज भीतीने."

वहिनींनी त्यांच्या ओठांकडे निरखून पाहिलं आणि खेदाने मान हलवली. "काहीच कळत नाही हो मला, भाऊजी. पुन्हा सांगा बरं."

काकांनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे कोणीतरी खुर्ची जवळ ओढून घेतली, नीट ऐकू यावं म्हणून.