यादीतला चौथा प्रोग्रॅम

ही गोष्ट माझ्या आत्याची. भुताखेतांचं नाव काढलं तरी तिला हसू येतं, म्हणून तर मी ही खरी मानतो.

मार्चमधला मंगळवार होता. दुपारचे साडेतीन. टायपिंगच्या ऑफिसातली मागची खोली आणि तिथला एकुलता एक कॉम्प्युटर. काळा पडदा, हिरवी अक्षरं.

त्या खुर्चीवर आधी मोठ्या बाई बसायच्या. आठ दिवसांपूर्वी तिथेच, टाइप करता करता, त्यांची मान खाली गेली ती कायमचीच. तेव्हापासून दोघींचं काम एकट्या आत्याच्या गळ्यात पडलं होतं. पाठीचे तुकडे पडत होते. डोळे चुरचुरत होते.

सकाळीच बाईंची मुलगी येऊन गेली होती.

"मावशी, आईचा त्या दिवशी फोन आला होता. म्हणाली, तुला मोठं पत्र टाइप करतेय. त्याआधी वर्षभर आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो हो. जरा बघाल?"

आत्यानं साऱ्या फ्लॉप्या पालथ्या घातल्या. पत्र नव्हतं. असणार तरी कसं? काम साठवायच्या आधी वीज गेली, की मेमरी कोरी होते. आणि त्या दिवशीच्या धावपळीत मशीनची वायर ओढली होती ती आत्यानंच.

हे ती मुलीला बोलली नव्हती.

मशीनची मेमरी चिमूटभर. टायपिंग, शब्दकोश आणि छपाई असे तीन प्रोग्रॅम त्यात कसेबसे मावायचे. दोन बटणं एकदम दाबली की चालू प्रोग्रॅमची यादी यायची.

समोर बाकावर थिसिसवाला घड्याळ बघत बसला होता. "ताई, पाचला युनिव्हर्सिटीची खिडकी बंद होते हो..."

आत्यानं छपाई सुरू केली.

मेमरी अपुरी.

तिनं यादी उघडली...

चार प्रोग्रॅम.

चौथ्याला नाव नव्हतं.

"आता ही कुठली ब्याद?" असं पुटपुटत तिनं तो उघडला. कोरं पान. फक्त कर्सर हळूहळू उजवीकडे सरकत होता... ओळ संपली... खाली आला... पुन्हा सरकू लागला.

टक... टक... टक...

"आवाज कसला येतोय?" थिसिसवाल्यानं विचारलं. "तुमचे हात तर मांडीवर आहेत."

"बटण अडकलं असेल."

घाबरायलासुद्धा अंगात त्राण लागतं. आत्याच्या अंगात ते उरलं नव्हतं.

तिनं प्रोग्रॅम बंद करायला घेतला. मशीननं विचारलं, काम साठवलेलं नाही, साठवायचं का?

त्यासाठी कोरी फ्लॉपी हवी होती. ती पुढच्या खोलीतल्या कपाटात. दहा पावलांवर.

तिला उठवेना.

तिनं 'नाही' दाबलं.

आणि त्याच क्षणी... पान भरलं. वरपासून खालपर्यंत नुसती अक्षरं. तिला पहिलीच ओळ वाचता आली.

'चिमे, रागावू नकोस, आधी माझं ऐक...'

पडदा काळा झाला.

छपाई सुरू झाली. थिसिस वेळेत गेला.

संध्याकाळी मुलगी पुन्हा आली. "मावशी, सापडलं का काही?"

आत्याला तिच्या डोळ्यांत बघवेना. "आई तुला काय हाक मारायची गं?"

"चिमी. एकटी तीच मारायची. का हो?"

"काही नाही. सहजच."

दुसऱ्या दिवसापासून ते मशीन सुरू केलं की थोडी मेमरी कमीच दाखवायचं. रोज तेवढीच कमी. दुरुस्तीवाल्यानं चिपा बदलल्या आणि शेवटी हात टेकले. मशीन भंगारात गेलं त्या सकाळीही आत्यानं ते एकदा सुरू करून पाहिलं. आकडा तोच. साधारण सहा पानांचं पत्र मावेल एवढी जागा कुणीतरी अडवून ठेवली होती.

आत्या आता थकली आहे. बरंच काही विसरते. ही गोष्ट मात्र भेटायला गेलं की सांगतेच, आणि दर वेळी एकाच ठिकाणी येऊन थांबते.

"दहाच पावलं होती रे."