शेवटचा तुकडा

दार उघडलं तर गळ्यात वायरचं वेटोळं अडकवून वरच्या मजल्यावरचा संशोधक उभा.

"तुमच्या वायफायचा पासवर्ड मिळेल?"

"ओळख ना पाळख, थेट पासवर्ड?"

तो कानापर्यंत लाल झाला. मग भडाभडा बोलतच सुटला— मोठी फाइल एकाच रस्त्यानं पाठवली की रखडते; तिचे तुकडे करून चार घरांच्या इंटरनेटवरून पाठवले तर झटकन पोहोचते. ज्याच्या घरी जो तुकडा येईल, तो त्यानं बाकीच्यांना द्यायचा. मी चित्रपटांचं संकलन करते. माझ्या फाइली गोगलगायीसारख्या सरकायच्या. मी पासवर्डच काय, चहासुद्धा दिला.

महिनाभर त्याच्या प्रयोगाचे, तुकड्यांची ने-आण करणारे डबे माझ्याकडे, खालच्या काकूंकडे आणि समोरच्या आजोबांकडे लुकलुकत होते. माझा डबा तपासायला तो रोज यायचा. काकूंकडे एकदाच गेला म्हणे! मला तो आवडायला लागला होता, अगदी मनापासून. पण स्वारी तोंड उघडेल तर शपथ.

आज प्रयोग संपणार, संध्याकाळी डबे निघणार. म्हणजे त्याचं येणंही संपलं… मी हिरमुसून बसले होते, तेवढ्यात स्क्रीनवर एक फाइल उतरली. त्याचा आवाज!

"तुम्हाला सांगायचं होतं, की मला तुम्ही…"

आणि गप्प. शेवटचा तुकडा अडकला होता.

मी बाहेर धावले. जिन्यात काकू, आजोबा आणि मधोमध पांढराफटक पडलेला तो.

"पोरा, आवाज फार थरथरतो हं तुझा," आजोबा म्हणाले. "पण शेवट झकास."

"तुम्ही… ऐकलंत?"

"आम्हाला अख्खी मिळाली की!" काकू म्हणाल्या.

त्यानं कपाळावर हात मारला. फाइल चारही घरांत जाते हे आम्हाला शिकवणारा हा प्राणी स्वतःच ते विसरला होता!

"मला नाही मिळाली पूर्ण," मी म्हणाले.

"तुमची लाइन जरा… पण काकूंकडून तुकडा आत्ता—"

"मी नाही देणार!" काकू ताडताड खाली गेल्या आणि डबा बंद केला. आजोबांनीही केला.

"मग माझ्याकडून…" तो वर पळणार, तोच मी त्याच्या गळ्यातली वायर धरली.

"इथून सरळ रस्ता आहे की."

तो थांबला. पहिल्यांदाच डब्याऐवजी माझ्याकडे बघितलं.

"मला तुम्ही… फार आवडता. डबा रोज तपासायची काहीच गरज नव्हती."

"डबा इथेच राहू दे," मी म्हणाले. "आणि तपासायला रोज ये. दोनदा आलास तरी चालेल."

खालून काकूंची हाक आली, "पोहोचला का गं तुकडा?"

"पोहोचला, काकू!"